गळाला काय लावत होते? ट्राउट, मळ्या आणि आमिषाचा पुरावा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी तीन आठवडे एका माशाच्या मागे घालवले, आणि तो मासा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एकाही नदीत कधीच नव्हता. ट्राउट!

माझा विषय दक्षिण कोकणातल्या नद्यांवरची मासेमारी. समुद्रावरची नव्हे. शास्त्री, बाव, काजळी, मुचकुंदी, वाशिष्ठी, जगबुडी या सह्याद्रीत उगम पावून पन्नास-साठ किलोमीटरमध्ये खाडीला मिळणाऱ्या नद्यांवरची. त्यातही मला गळाबद्दल लिहायचं होतं. आमच्याकडे गळाच्या काठीला गरी म्हणतात आणि ती घेऊन बसण्याला गरवणं. प्रश्न अगदी साधा वाटला होता: शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लोक गरीला काय लावत होते, आणि ते कशावरून ठरवत होते?

आता असा प्रश्न घेऊन तुम्ही स्कॅन केलेल्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत शिरलात, की 'आमिष' या शब्दापाठोपाठ ट्राउट आलाच म्हणून समजा. याला कारण आहे. नदीतल्या ट्राउटला काय आवडतं यावर युरोपात फार जुन्या काळापासून लिहिलं गेलंय. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला एलियन हा रोमन लेखक मॅसिडोनियातल्या एका नदीतल्या ठिपकेदार माशांबद्दल सांगतो. हे मासे एका विशिष्ट माशीवर झडप घालतात, पण खरी माशी हातात धरली की तिचा रंग जातो. म्हणून तिथले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची पिसं बांधतात. इंग्लंडमध्ये १४९६ साली गळाच्या मासेमारीवर एक प्रबंध छापला गेला, १६५३ साली आयझॅक वॉल्टनचं पुस्तक आलं, आणि त्यानंतर तर रांगच लागली. गांडूळ कधी, छोटा मासा कधी, बनावट माशी कधी, पाणी गढूळ असेल तर काय, निवळ असेल तर काय... हे सगळं वाचताना मजा येते, आणि नेमका तोच धोका असतो. जिथे सामग्री भरपूर, तिथे आपला प्रश्न नकळत सरकत जातो.

मग मला भारतातले ट्राउट सापडायला लागले. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या शिकारकथांमध्ये 'इंडियन ट्राउट' असा स्पष्ट उल्लेख. मी हरखून गेले. नोंदी करत सुटले. एका बैठकीत एका ज्येष्ठ अभ्यासकांनी शांतपणे विचारलं, "कोकणच्या पाण्यात ट्राउट जगेल का, हे एकदा बघितलंत का?"

नव्हतं बघितलं.

ट्राउट थंड पाण्यातला मासा. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो अस्वस्थ होतो, आणि पंचविशीच्या आसपास त्याचं जगणं अवघड होतं. आपल्याकडे फेब्रुवारीतसुद्धा काजळीचं पाणी त्याला मानवणार नाही. भारतात खरा ट्राउट बाहेरून आणावा लागला. निलगिरीत १८६० च्या दशकात केलेले प्रयत्न फसले, तिथे यश आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. काश्मीरमध्ये १९०० च्या सुमाराला अंडी पोचली आणि जगली. म्हणजे त्याआधीच्या कागदांतले 'ट्राउट' ट्राउट नव्हतेच.

मग ते होते कोण? 'इंडियन ट्राउट' म्हणून ज्याला सर्रास ओळखलं जायचं, तो उत्तर भारतातल्या नद्यांत राहणारा बोला नावाचा मासा. हिमालयातल्या काही माशांना आजही 'स्नो ट्राउट' म्हणतात. दोघंही आपल्या रोहू-कटल्याच्या, म्हणजे कार्पच्या कुळातले; ट्राउटशी त्यांचं काहीच नातं नाही. बोलाला ट्राउट म्हटलं गेलं, कारण त्याच्या अंगावर ठिपके होते, तो वाहत्या पाण्यात राहायचा, आणि मुख्य म्हणजे बनावट माशीवर तो ट्राउटसारखा येऊन आदळायचा. साहेबाच्या हातात घरून आणलेली काठी आणि घरून आणलेलं आमिष होतं. त्या आमिषाला जो मासा लागला, त्याला त्याने घरचं नाव दिलं.

इथे माझे वाया गेलेले तीन आठवडे वसूल झाले. नाव आमिषावरून पडलं असेल, तर उलट दिशेनेही जाता येईल का? जुन्या कागदात माशाचं नाव संदिग्ध असेल, पण त्याला काय लावून पकडत होते हे लिहिलेलं असेल, तर त्या आमिषावरून तो मासा कोणता हे ताडता येईल का? माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आज या एका प्रश्नावर उभं आहे.

यात पुराव्याची अडचण मोठी आहे. हडप्पाकालीन स्थळांवर तांब्याचे गळ सापडले आहेत, धातू टिकतो. त्या गळाला लावलेलं गांडूळ टिकत नाही. आमिष म्हणजे मुळात नाहीसं होण्यासाठीच केलेली वस्तू. त्यामुळे ते फक्त लिखाणात किंवा लोकांच्या तोंडी उरतं.

लिखाणाचं सांगायचं तर आपल्याजवळचा एक ग्रंथ वॉल्टनच्या पाचशे वर्षं आधीचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास', इ.स. ११३० च्या आसपासचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यात. मराठी भाषेच्या इतिहासात या ग्रंथाचं नाव तुम्ही ऐकलं असेल, कारण त्यातल्या संगीताच्या भागात मराठी ओळी येतात. नेट-सेटच्या अभ्यासात आपण तेवढंच पाठ करून पुढे जातो. पण त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचा भाग आहे: मासे कोणते, ते समुद्रातले की गोड्या पाण्यातले, खवल्यांचे की नुसत्या कातडीचे, त्यांना खायला काय घालायचं, काठी आणि दोरी कशी हवी, गळ कसा टाकायचा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन कृष्ण श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेली त्याची प्रत १९२५ पासून तीन खंडांत निघाली. ग्रंथालयात मिळते. जरूर हाताळा.

मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की सोमेश्वर सगळ्या माशांना एकच खाणं सांगत नाही. पीठ-तिळाचे गोळे वेगळे, मांस वेगळं. जात बदलली की खाणं बदलतं. आणि आधी खाऊ घालून माशाला जागेची सवय लावायची, गळ नंतर. सुंदरलाल होरा हे प्राणिशास्त्रज्ञ, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक. त्यांनी १९५१ मध्ये या भागावर लेख लिहिला आणि त्यातली संस्कृत नावं आजच्या माशांशी जुळवायचा प्रयत्न केला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला संस्कृत येतं पण मासा ओळखता येत नाही, प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याचं नेमकं उलट. होरांचं काम वाचताना दोन्ही टोकं एकत्र आणायला काय लागतं ते कळतं. अशा जुळणीत नावाइतकाच उपयोग खाण्याचा होतो. मांस खाणारा, कातडीचा, मोठा मासा म्हटलं की शक्यता किती कमी होतात बघा.

पण सावध राहायला हवं. हा राजाचा खेळ आहे. पीठ कुणी मळलं, रोज नदीवर जाऊन गोळे कुणी टाकले, हे काही राजा लिहीत नाही. शिवाय तो देशावरचा. शास्त्रीच्या काठी बसून त्याने काही लिहिलेलं नाही. मानसोल्लासातली एक ओळ उचलून 'प्राचीन काळापासून कोकणात' असं वाक्य कृपा करून लिहू नका. मी लिहिलं होतं. ते खोडलेलं पान अजून माझ्या फायलीत आहे.

तर मग रत्नागिरीचे कागद काय सांगतात? मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड १८८० चा. त्यात गाबीत, खारवी, दालदी, भोई आहेत, होड्या आहेत, जाळी आहेत. वजन समुद्राकडे आहे. बांबूची काठी, एक गळ आणि ओंजळभर गांडुळं यांतून सरकारच्या तिजोरीत पडण्यासारखं काहीच नसतं, मग नोंद कशाला होईल? नदीच्या मासेमारीवर कागद तयार होतो तो सरकारला काही बंद करायचं असतं तेव्हा. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंग लावून आणि विष घालून मासे मारायला बंदी केली. त्यामुळे विषाबद्दल शोधायला निदान जागा तरी आहे. आपल्याकडे गेळाची फळं, रामेठ्याची किंवा कुंभ्याची साल ठेचून डोहात घालायची रीत होती. गांडुळावर कुणी कधी बंदी घातली नाही, म्हणून ते कागदात नाही.

इंग्रजांनी भारतातल्या गळावर लिहिलेल्या पुस्तकांत आमिष भरपूर आहे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं हेन्री सलिव्हन थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया'. मंगळूरला कलेक्टर असलेल्या माणसाचं हे पुस्तक १८७३ मध्ये मंगळुरातच छापलं गेलं. कोकणपट्टीचंच दक्षिण टोक, त्यामुळे मला जवळचं. या प्रकारच्या पुस्तकांचा नायक महसीर. आणि महसीरासाठी ही मंडळी जी आमिषं सांगतात, त्यांत चकाकणारे धातूचे चमचे आणि बनावट माश्या आहेत, तशीच कणीक आहे आणि फुटाणेही आहेत. फुटाणे का, याचं उत्तर नदीकाठच्या देवळांत आहे. घाटावर लोक माशांना फुटाणे-चुरमुरे टाकतात, मासे त्याला सरावतात. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून राखलेले महसीर आजही आहेत. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वरापाशीही आहेत. तिथे गळ टाकायची कुणाची छाती नाही. पण नदीच्या ज्या भागाला देवाचं राखण नाही, तिथे तेच फुटाणे गळाला लागतात. आधी खाऊ घालून सवय लावा, या सोमेश्वराच्या सांगण्याला जणू देवळांनी आपसूकच हातभार लावला. हा दुवा मला फार आवडतो. त्यावर माझ्याकडे अजून जेमतेम चार पानंच होतील, म्हणून सध्या तो तळटीपेत ठेवलाय.

उरतं ते लोकांच्या तोंडचं. इथे मला माझ्याच घरी परत यावं लागलं.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, शास्त्रीच्या एका वहाळाकाठी. आजोबा गरवायला जायचे. सोबत माझा भाऊ. मी मुलगी, म्हणून गरी हातात कधी आली नाही. पण गांडुळं मी काढायची! गोठ्यामागच्या शेणखतात, केळीच्या बुंध्याशी, करवंटीत ओली माती घालून त्यात जमवायची. किती, कुठली, जाड की बारीक, हे आजोबा सांगायचे. मला हे काम म्हणजे अपमान वाटायचा. संशोधन सुरू केल्यावर लक्षात आलं, की मासा कुठला धरायचा हे नदीवर नाही, गोठ्यामागेच ठरत होतं. वामीसाठी जाड गांडूळ, आणि तेही रात्रीसाठी. मरळीसाठी छोटं बेडूक. शिंगटीसाठी कोंबडीची आतडी, आदल्या दिवशीची, वास सुटलेली. उन्हाळ्यात कोंडीत पाणी साठून राहिलं की शितं नाहीतर कणकेची गोळी. आजोबा गेले तेव्हा मी बारावीला होते. त्यांचा आवाज माझ्याकडे रेकॉर्ड केलेला नाही.

म्हणून मी त्यांच्या वयाच्या माणसांकडे गेले. मुलाखत कशी घ्यावी यावर पुस्तकं आहेत, ती वाचा. पण मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट अशी, की 'आमिष' हा शब्द उच्चारायचाच नाही. तो शब्द काढला की माणसं पुस्तकी बोलायला लागतात. मी विचारायची, "गांडुळं कोण काढायचं?" बाया हसायच्या आणि बोलायला लागायच्या. पुरुष गळाबद्दल बोलतात, पण आमिषाबद्दल बायका आणि लहानपणी त्या कामाला जुंपलेली मुलंच जास्त सांगतात. पहिल्या दहा मुलाखती मी फक्त पुरुषांच्या घेतल्या होत्या. त्या सगळ्या पुन्हा कराव्या लागल्या, यावेळी मागच्या दारी बसून.

एका म्हाताऱ्या बाबांनी मला एका वाक्यात जे सांगितलं, ते तोपर्यंत कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं: "बाय, पानी गढूल आसंल तवा मासा नाकानं खातो, निवललं का डोल्यानं." पावसाळ्यातलं आणि लगेच नंतरचं गढूळ पाणी, म्हणजे वासाचं आमिष. दिवाळीनंतर पाणी काचेसारखं झालं की हलणारं, दिसणारं: नाकतोडा, झिंगा. आणि मृगाच्या पहिल्या पावसात, चढणीच्या माशांच्या वेळी, आमिष लागतच नाही. मासा अंडी घालायला वर धावत असतो, त्याला खायची शुद्ध नसते. तेव्हा कामट्यांचा सापळा, टोपली, जुनं लुगडं. म्हणजे गरी ही पावसाळा सरता सरता सुरू होणारी आणि उन्हाळ्यापर्यंत चालणारी गोष्ट. हे कळल्यावर माझ्या नोंदींची सगळी वर्गवारी बदलली. आधी मी जिल्हा-तालुका-गाव अशी केली होती, आता महिन्याने केली.

काळ ठरवायचा तर आणखी एक युक्ती सांगते. सन विचारून उपयोग नसतो. चिपळूणकडच्या माणसांना मी विचारते, "अवजलाच्या आधी की नंतर?" कोयना प्रकल्पाचं पाणी पोफळीच्या वीजघरातून वाशिष्ठीत यायला लागलं ते १९६२ पासून. घाटापलीकडचं ते पाणी आल्यावर नदीचा उन्हाळाच बदलला. जी नदी एप्रिलमध्ये कोंडी-कोंडींत तुटायची, ती वाहती राहिली. साहजिकच उन्हाळ्यातल्या साचलेल्या कोंडीतली शितं आणि कणीक, ही 'अवजलाच्या आधीच्या' आठवणींत येतात. १९६७ च्या डिसेंबरातला भूकंप ही दुसरी खूण. या दोन खुणांच्या मधे आठवण बसवता आली की पाच वर्षांची चौकट मिळते. तोंडी इतिहासात पाच वर्षं म्हणजे श्रीमंतीच.

आता ज्या गोष्टीवर मी सध्या अडले आहे ती. मळ्या.

लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३० च्या दशकाच्या शेवटी दख्खनच्या माशांवर लिहिलं. भीमा, घोड, मुळा-मुठा या नद्यांवरचे मासे. त्यांची एक सवय आपल्या फार कामाची: नव्या माशाला नाव देताना ते कित्येकदा स्थानिक मराठी नावच लॅटिनच्या शेजारी बसवून टाकत. त्यामुळे शिंगाळा आज जगभरच्या शास्त्रीय यादीत 'सिंघाला' म्हणून आहे, आणि एका छोट्या माशाचं नाव 'गॅरा मुल्या' आहे. मुल्या म्हणजे मळ्या. पुण्याकडच्या कुणा मासेमाराने साहेबाला सांगितलेलं नाव, लंडनला छापलं गेलेलं. वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण आजोबांच्या तोंडी तोच शब्द होता. ते 'मल्या' म्हणायचे. संगमेश्वरी बोलीत ळ चा ल होतोच. रोमन लिपीत तर ळ आणि ल यांत फरकच नाही, त्यामुळे साइक्सने नेमकं काय ऐकलं, हे स्पेलिंगवरून कळायला मार्ग नाही.

मी लगेच लिहून टाकलं: शास्त्रीतला मल्या म्हणजे गॅरा मुल्या. एका ओळीत शंभर-दोनशे वर्षांचा पूल! मग आमिषाची नोंद तपासली. आजोबा मल्यासाठी बारीक गांडूळ मागायचे, सुतासारखं, आणि मल्या वरच्या पाण्यात उसळी मारून घेतो म्हणायचे. गॅरा तर तळाचा मासा. त्याचं तोंड खालच्या बाजूला, ओठाखाली चकतीसारखा भाग, त्याने तो प्रवाहात दगडाला चिकटून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. असा मासा वरच्या पाण्यात गांडुळावर उसळी का मारेल?

दोन शक्यता. एक, आजोबांचा मल्या हा दुसराच मासा, आणि नाव घाटाच्या दोन बाजूंना दोन माशांना चिकटलेलं. जसं ट्राउटचं झालं. दुसरी, कोकणात मळ्या हे एका माशाचं नावच नाही, बोटभर लांबीच्या सगळ्या चिल्लर माशांना मिळून म्हणायचा तो शब्द आहे, आणि आजोबा त्यातल्या एकाबद्दल बोलत होते. मला दुसरी जास्त खरी वाटते. पण वाटणं प्रबंधात चालत नाही.

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली एक मैत्रीण जूनमध्ये माझ्याबरोबर गावी येणार आहे. चढणीच्या दिवसांत नाही. ती म्हणाली, तेव्हा पोटं रिकामी असतात, बघून काही कळणार नाही. पावसाचा पहिला जोर ओसरला की. गावात जो जो मासा लोक मल्या म्हणून दाखवतील, तो बाटलीत घालायचा, दाखवणाऱ्याचं वय आणि वाडी लिहायची, तोंड वर आहे की खाली ते बघायचं, आणि पोट उघडून आत काय आहे ते पाहायचं. आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "गांडुळं लागतील ना मग? ये, गोठ्यामागं भरपूर आहेत. पण या वेळी तुझी तू काढ, आणि गरीपण तूच धर."